आधी जवळ बसून ऐका

आमच्या टेबलावर गेले तीन आठवडे एक पत्र पडून आहे. पत्रलेखक आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध, सुशिक्षित व श्रद्धाळू गृहस्थ आहेत. देवळासाठी त्यांनी उपसलेले कष्ट आम्ही विसरू शकत नाही आणि त्यांचे नाव येथे देण्याचे काही प्रयोजनही नाही. त्यांची तक्रार थोडक्यात अशी : गोंदियाहून बिरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका लहानशा कॉफीगृहात एका शनिवारी संध्याकाळी चार तरुणांच्या रॉक बँडचा कार्यक्रम झाला आणि त्या कार्यक्रमाला धर्मगुरू, म्हणजे आम्ही, चांगले दोन तास बसून होतो. हे संगीत परकीय आहे. ते संगीत नसून गोंगाट आहे. आणि ते जेथे वाजते तेथे तरुण पिढी बिघडते, असे तीन आक्षेप नोंदवून त्यांनी अखेरीस विचारले आहे, ‘फादर, अशा ठिकाणी आपण शोभता काय?’

पत्राला पत्रानेच उत्तर देण्याचा आमचा विचार होता. परंतु पुढील दोन रविवारी मिस्सानंतर तेच शब्द आणखी चारपाच जणांच्या तोंडून ऐकले. दुसऱ्या धर्मग्रामातील एका गुरुबंधूंनीही फोनवरून हसत हसत तोच सूर लावला. तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता नाही, हे ध्यानात आले. म्हणून हे उत्तर आम्ही सर्वांसमक्ष देत आहोत. उत्तर थोडे कडक वाटले तर वाचकांनी क्षमा करावी. त्यातील सर्वांत कडक भाग आम्हां स्वतःविषयी आहे आणि तो शेवटी येईल.

प्रथम तेथे काय घडले ते सांगतो, कारण तक्रार करणाऱ्यांपैकी कोणीही तेथे उपस्थित नव्हते.

बिरसी हे गाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक नसेल. गोंदिया शहराजवळचे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले हे खेडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. पुढे विमानतळाचा विस्तार झाला, वैमानिकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून विमान चालवायला शिकणारी मुले या भागात येऊ लागली. त्याच विस्तारात गावातील काही कुटुंबांच्या जमिनी गेल्या. बँडमधील चौघांपैकी दोघे असे बाहेरून शिकायला आलेले होते, एक गोंदियातील दुकानदाराचा मुलगा आणि चौथा, गाणारा, बिरसीचा. हा चौथा आमच्या देवळात लहानपणी वेदीसेवक होता.

कॉफीगृह म्हणजे एक खोली. आम्ही खुर्च्या मोजल्या; सव्वीस होत्या. भिंतीवर दोन पंखे, एका कोपऱ्यात कॉफीचे यंत्र आणि दुसऱ्या कोपऱ्यात हे चौघे. व्यासपीठ नाही, पडदा नाही, रंगीत दिवे नाहीत. पहिल्या रांगेतील माणसाने पाय लांब केले असते तर ते गिटारवाल्याच्या पायाला लागले असते. ड्रमचा मोठा संच त्या खोलीत मावतच नव्हता; म्हणून एक मुलगा लाकडी पेटीवर बसून ती हातांनी वाजवत होता. या वाद्याला काहोन म्हणतात. पेरू देशात गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी साध्या लाकडी पेट्यांतून ते घडवले, असे सांगतात. गाणे सुरू झाले की दुकानाचा मालक यंत्र बंद करी आणि गाणे संपले की पुन्हा सुरू करी. कोणी त्याला तसे सांगितले नव्हते.

पहिली चारपाच गाणी इंग्रजी होती. खरे सांगायचे तर ती आम्हांस फारशी कळली नाहीत आणि एक तर मुळीच आवडले नाही. साधारण अर्धा कार्यक्रम झाला असेल, तेवढ्यात वीज गेली. ध्वनिवर्धक मुका झाला, पंखे थांबले. आता मंडळी उठणार असे आम्हांस वाटले. परंतु मालकाने दोन मेणबत्त्या आणून ठेवल्या, त्या मुलांनी विजेवर चालणारी गिटार बाजूला ठेवून साधी गिटार घेतली आणि ‘थोडे जवळ या’ एवढेच सांगितले. लोकांनी खुर्च्या पुढे सरकवल्या. आम्हीही सरकवली. मग बिरसीच्या मुलाने स्वतः रचलेले गाणे म्हटले.

ते गाणे झाडीबोलीत होते. आजोबांची बांधी, तिच्या कडेची बोडी आणि आता त्या जागेवरून सुटणारी विमाने, हा त्याचा विषय. जन्मभर विमाने पाहिलेला आणि एकदाही विमानात न बसलेला बाप त्यात होता. चाल रॉकची, ठेका त्या परदेशी पेटीवरचा, आणि शब्द मात्र त्याच्या आजीच्या तोंडचे. आमच्या शेजारी बसलेला, उद्या याच धावपट्टीवरून उड्डाण करणारा दूर प्रांतातील मुलगा त्याच्या बोलीतील अक्षरही न समजता मान खाली घालून ऐकत होता. गाणे संपल्यावर काही क्षण टाळ्या वाजल्या नाहीत.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप परकीयपणाचा. हे वाचून आम्हांस आश्चर्य वाटते ते एवढ्यासाठी, की आमचे पत्रलेखक गेली कित्येक वर्षे देवळात हार्मोनियम वाजवतात. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. ते वाद्य भारतीय संगीताला परके आहे, त्यातून आपले स्वर नीट निघत नाहीत, असा तेव्हाच्या जाणकारांचा आक्षेप होता, आणि त्यापायी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर या पेटीला बंदी होती. आज भजन, कीर्तन, लावणी आणि मिस्सा यांतील एकही गोष्ट तिच्यावाचून अडल्याशिवाय राहत नाही. परके काय आणि आपले काय याचा निवाडा वाद्याच्या जन्मदाखल्यावरून होत नसतो. त्या वाद्यावर आपले माणूस काय बोलते, यावरून तो होतो.

आणि परकीय वाद्यांचा हा दोष द्यायचाच असेल, तर सर्वप्रथम तो आपल्याच समाजाच्या माथी येतो. गोव्यातील देवळांना जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवले जाई. तेथे शिकलेली माणसे पोटासाठी मुंबईस आली. त्यांनी हॉटेलांत व उपाहारगृहांत जाझ वाजवले आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम केले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही नावे पडद्यावर क्वचितच दिसली. पण हिंदी चित्रपटगीतांच्या मागे जो भरगच्च वाद्यमेळ ऐकू येतो, तो पुष्कळसा यांच्या हातचा आहे. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय व पाश्चात्त्य वादकांना एकत्र करून वाद्यवृंद उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यातून गुरूचे नाव घराघरांत पोहोचवले. आज आपण या मंडळींचा अभिमान मिरवतो. परंतु ती रात्री उपाहारगृहात वाजवीत होती, तेव्हा त्यांच्या धर्मग्रामातील सज्जनांनी काय म्हटले असेल? आमच्या टेबलावरील पत्रासारखी पत्रे तेव्हाही लिहिली गेली असतील, असे समजण्यास हरकत नाही.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. येथे मात्र आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहोत. रॉक संगीत मोठ्याने वाजवले तर कानांना अपाय करते, हे खरे आहे. परंतु त्या सव्वीस खुर्च्यांच्या खोलीत शेजाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. आमच्या धर्मग्रामातील गेल्या हिवाळ्यातील लग्ने आठवा. भाड्याने आणलेला डीजे, माणसाच्या उंचीच्या ध्वनिपेट्यांची भिंत आणि थरथरणारी खिडक्यांची तावदाने! देवळासमोरच्या घरातील आजारी म्हातारीला तिच्या मुलाने मागच्या खोलीत हलवले, तरी तिला झोप लागली नाही. त्या वरातींत आमचे पत्रलेखकही होते आणि आम्हीही होतो. कोणी पत्र लिहिले नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम देशात २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सणासुदीसाठी शासनाने दिलेली सवलत तेवढी वेगळी, आणि तीही मध्यरात्रीपर्यंतच. आपण हे नियम दुसऱ्यांच्या उत्सवांच्या वेळी तोंडपाठ म्हणून दाखवतो. स्वतःच्या घरी वरात निघाली, की तेच नियम आपल्याला आठवत नाहीत. तेव्हा आमचा सवाल असा, की गोंगाट कोणता? चार मुले तीन महिने तालीम करून हातांनी वाजवतात तो, की एक माणूस कळ दाबतो आणि शंभर माणसे एकमेकांचे शब्दही न ऐकता नाचतात तो? पहिल्याला आपण पाश्चात्त्य थेर म्हणतो आणि दुसऱ्याला आनंदसोहळा. हा न्याय आम्हांस मान्य नाही.

तिसरा आक्षेप जागेचा व संगतीचा. ‘कॉफीगृह ही काय संगीताची जागा आहे?’ असे पत्रात एक वाक्य आहे. त्याचे उत्तर आमच्यापेक्षा योहान सेबॅस्टियन बाख अधिक चांगले देऊ शकतील. लाइपझिगच्या संत थॉमस देवळाचे हे संगीतप्रमुख. उपासनासंगीतात त्यांच्या तोडीचा रचनाकार विरळाच. १७२९ सालापासून हेच बाख विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद घेऊन त्सिमरमान नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहात दर शुक्रवारी संध्याकाळी संगीत सादर करीत असत. कॉफीच्या व्यसनात बुडालेली मुलगी आणि तिच्यावर वैतागलेला बाप यांच्यावर त्यांनी एक विनोदी संगीतिकाही रचली. रविवारी देवळात आणि शुक्रवारी कॉफीगृहात! बाखना त्यात विसंगती दिसली नाही.

रॉक संगीताचा इतिहासही आपण समजतो तितका देवळापासून दूरचा नाही. ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागात संत पीटरच्या अँग्लिकन देवळाची वार्षिक जत्रा होती. तिच्यात शाळकरी मुलांचा एक बँड वाजवत होता. त्यातील सोळा वर्षांच्या जॉन लेननची आणि पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीची पहिली भेट त्या दिवशी झाली. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५९ मध्ये, त्याच शहरात मोना बेस्ट नावाच्या एका आईने आपल्या घराच्या तळघरात तरुणांसाठी कॉफी क्लब उघडला. ही बाई दिल्लीत जन्मलेली आणि तिचा मुलगा पीट मद्रासला जन्मलेला. छत रंगवायला तिने याच मुलांना लावले आणि वाजवायलाही त्यांनाच बसवले. पुढे बीटल्स या नावाने जग ज्यांना ओळखू लागले, ती मुले अशी एका देवळाच्या जत्रेतून आणि एका आईच्या तळघरातून वर आली. आपल्या महाराष्ट्रातही १९५८ साली पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाच मुलांनी हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता. त्यातील पियानोवर बसणारा फारुख बुलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झाला. यांपैकी कोणालाही आरंभी मोठे व्यासपीठ मिळाले नव्हते. जवळच्या माणसांनी दिलेली एक लहानशी जागा मात्र मिळाली होती.

संगतीचा धोका आम्ही नाकारीत नाही. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० साली आणि जिम मॉरिसन १९७१ साली गेले, तिघेही अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. हेंड्रिक्स आणि जॉप्लिन यांना तर अमली पदार्थांनीच नेले. अनेक गाण्यांचे शब्द घरात उच्चारण्याजोगे नसतात, हेही खरे. परंतु कलावंताचा देव कोठे होतो? पन्नास हजारांच्या मैदानात, दूरच्या झगमगाटात. तेथे तो मुंगीएवढा दिसतो आणि म्हणूनच देवाएवढा वाटतो. लहान खोलीत ही सोय नसते. आमच्या बिरसीच्या मुलाची तार मध्येच तुटली, ती बदलताना त्याचे हात थरथरले आणि एका ओळीत तो चुकला, तेव्हा त्याने हसून पुन्हा सुरुवात केली. कार्यक्रम संपल्यावर त्यानेच कपबशा उचलायला मालकाला मदत केली. अशा माणसाची मूर्ती बनवता येत नाही. त्याच्याशी फक्त मैत्री करता येते. शिवाय त्या सव्वीस जणांत एक धर्मगुरू, एक निवृत्त शिक्षिका आणि त्या मुलाची आई बसली होती. ज्या ठिकाणी आपली मुले बिघडतील अशी आपल्याला भीती वाटते, त्या ठिकाणी आपण स्वतः जाऊन बसणे, हा जुना व खात्रीचा उपाय आहे. आपण मात्र घरी बसून पत्रे लिहितो.

धर्मसभेचा दाखला हवा असेल, तर तोही बोलका आहे. संत दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या आदेशाने देवळात पियानो, ढोल, झांजा आणि बँड यांना मनाई केली होती. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेला साजेशा अन्य वाद्यांनाही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. त्या दारातूनच आपला तबला, ढोलकी आणि टाळ आत आले. तेव्हाही ‘देवळात ढोलकी? हा काय तमाशा आहे?’ असे विचारणारे होते. आमच्या तरुणपणी आम्ही ते ऐकले आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, की रॉक बँड मिस्सात वाजावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वेदीपुढे काय शोभते याचे नियम आहेत आणि ते आम्हांस प्रिय आहेत. आमचे म्हणणे वेदीपासून पन्नास पावलांवर, कुलूप घालून ठेवलेल्या सभागृहाविषयी आहे.

कारण बिरसीच्या भागातील माणसाला जवळ बसून ऐकणे नवे नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीतील गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार किंवा खडी गंमत रंगते. प्रेक्षक कडेने दाटीवाटीने बसतात, आणि नाचणाऱ्याच्या पायाखालची धूळ पहिल्या रांगेच्या अंगावर उडते. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य वेचणारे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच परंपरेला मिळालेली दाद होय. बिरसीचा तो मुलगा दंडार पाहत वाढला. त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात ‘थोडे जवळ या’ असे तो म्हणाला, तेव्हा तो लंडन-अमेरिकेची नक्कल करीत नव्हता. आपल्या गावाची रीतच तो पाळत होता.

आता आमच्याविषयी. तीन वर्षांपूर्वी याच मुलाने आमच्याकडे एक अर्ज आणून दिला होता. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी दोन तास सभागृहात तालमीस जागा मिळावी, एवढीच मागणी होती. झाडलोट आम्ही करू, विजेचे पैसे देऊ, असेही त्याने लिहिले होते. आम्ही तो अर्ज पॅरिश कौन्सिलपुढे ठेवला. चर्चा दहा मिनिटेही झाली नाही. ‘आज गिटार, उद्या काय?’ असे कोणीतरी म्हणाले, इतर हसले, आणि नकाराच्या पत्रावर आम्ही सही केली. त्याच बैठकीत तेच सभागृह दोन लग्नांसाठी डीजेसह भाड्याने देण्यास आम्ही मंजुरी दिली. तो मुलगा त्यानंतर देवळात येत राहिला, पण गायकवृंदात तो पुन्हा उभा राहिला नाही. आम्हांस त्याचे कारण तेव्हा कळले नाही, किंबहुना कळून घेण्याची आम्ही तसदीच घेतली नाही. त्याच्या आजोबांच्या बांधीचे गाणे आमच्या सभागृहात जन्मले असते. ते आम्हांला एका परक्या माणसाच्या दुकानात, कॉफीचे पैसे देऊन ऐकावे लागले. ज्याला आम्ही जागा नाकारली, त्याला एका दुकानदाराने दिली. आणि त्यासाठी त्याने आपले यंत्र बंद ठेवले, म्हणजे धंद्याचे नुकसानही सोसले.

तेव्हा ‘आपण तेथे शोभता काय?’ या प्रश्नाचे उत्तर असे, की नाही, त्या रात्री आम्ही तेथे शोभत नव्हतो. आम्ही यजमान असायला हवे होते आणि पाहुणे म्हणून बसलो होतो.

पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीत आम्ही पुढील प्रस्ताव मांडणार आहोत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी सात ते नऊ सभागृह धर्मग्रामातील व परिसरातील तरुण वादकांसाठी खुले राहील, मग ते गिटार वाजवोत, ढोलकी वाजवोत वा व्हायोलिन. खुर्च्या चाळीसच मांडल्या जातील. मोठ्या ध्वनिपेट्या आणता येणार नाहीत. मद्य व तंबाखू यांना अर्थातच मज्जाव राहील. प्रत्येक कार्यक्रमात निदान एक गाणे वादकांनी स्वतः रचलेले असावे, अशी विनंती राहील. आणि लग्नासाठी सभागृह घेणाऱ्यांना नियमातील डेसिबलची मर्यादा लेखी मान्य करावी लागेल. या शेवटच्या कलमामुळे उत्पन्न घटेल, हे आम्ही जाणतो. कौन्सिलचे सभासद आम्हांस तसे सांगतीलच.

आमच्या वयोवृद्ध मित्रांना आम्ही त्यांच्या पत्राचे उत्तर म्हणून एवढेच लिहिले आहे, की पहिल्या शनिवारी पहिल्या रांगेतील एक खुर्ची आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवू. त्यांनी यावे, जवळ बसून ऐकावे, आणि नंतरही त्यांचे तिन्ही आक्षेप कायम राहिले तर आम्ही ते पुन्हा वाचू. येताना त्यांनी आपली हार्मोनियम बरोबर आणावी, असेही आम्ही सुचवले आहे. बिरसीच्या मुलाला एका गाण्यात तिची साथ हवी आहे. त्याने तसे आमच्याजवळ विचारले आहे.